हिमाचे थर

रायपूरच्या गोल बाजारात वैशाखातल्या दुपारी बर्फाला जो मान मिळतो, तो क्वचितच दुसऱ्या कोणत्या जिनसाला मिळत असेल. पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळू लागला की भुशात पुरलेली, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी सोन्याच्या लगडीसारखी सांभाळली जाते. तिकडची भाषा तिला सिल्ली म्हणते, मराठी माणूस लादी म्हणतो. भोसल्यांचे बिंबाजी १७५८ साली रतनपुरास आले आणि त्यांच्यामागून नागपूरकडची मराठी कुटुंबे छत्तीसगडात स्थिरावली. तेव्हापासून हे दोन्ही शब्द त्या मुलखात शेजारी शेजारी नांदत आले आहेत.

बर्फ विकणारा एक नियम कटाक्षाने पाळतो. दोन लाद्या तो एकमेकींवर उघड्या ठेवीत नाही. मध्ये भुसा पसरतो. तसे न केले तर तासाभरात त्या अशा एकजीव होतात की टोच्याने फोडल्यावाचून सुटत नाहीत. हीच साधी गोष्ट लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८५० साली मायकेल फॅरडे याने विद्वानांच्या सभेपुढे मांडली. बर्फाचे दोन वितळते तुकडे एकमेकांना टेकले की ते गोठून सांधले जातात, असे त्याने दाखविले. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखी एक सूक्ष्म साय असते आणि दोन तुकड्यांमध्ये सापडली की ती गोठते, असे त्याचे मत होते. त्या काळच्या मोठमोठ्या पंडितांना ते पटले नाही. पुढे सुमारे शंभर वर्षांनी शास्त्रज्ञ पुन्हा त्याच मताकडे वळले. गोल बाजारातल्या दुकानदाराला या वादाचा पत्ता असण्याचे कारण नाही. त्याने आपला भुसा पसरला, म्हणजे झाले.

परंतु लादीला लादी चिकटते की मध्ये भुशाचा थर राहतो, या एवढ्याशा प्रश्नावर हिमालयात माणसांचे प्राण अवलंबून असतात. डोंगरउतारावर साचलेल्या हिमाचीही लादी बनते, आणि तिच्याखाली कधी कधी निसर्गच भुसा पसरून ठेवतो.

येथे शब्दांचा थोडा उलगडा करावयास हवा. बर्फ हा शब्द फारसीतून आला. इराणात त्याचा अर्थ आकाशातून भुरभुरणारे हिम असा आहे आणि गोठलेल्या पाण्याच्या खड्याला तेथे यख म्हणतात. मैदानी मुलखात हिम पडतच नसल्यामुळे तो शब्द येथे लादीला जाऊन चिकटला. त्यामुळे मराठी मनात बर्फ म्हणजे काहीतरी घट्ट, जड आणि पारदर्शक असे चित्र उभे राहते. ताजे हिम याच्या अगदी उलट असते. त्याच्या घनफळाचा नऊ दशांशाहून अधिक भाग निव्वळ हवेचा असतो. कापसासारख्या या हलक्या पदार्थाखाली माणूस गुदमरून मरतो कसा, आणि पंचवीस-तीस फूट खोल अडकलेल्याला बाहेर काढण्यास दिवसच्या दिवस का लागतात, हे त्या चित्रावरून उमगत नाही.

हिमाच्या थरांची गोष्ट मात्र फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व २१८ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल हत्ती, घोडे आणि हजारो सैनिक घेऊन आल्प्स ओलांडीत होता. उतरणीवर त्याच्या माणसांची जी दैना झाली ती पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने मोठ्या बारकाईने लिहून ठेवली आहे. मागल्या हिवाळ्याचे जुने कठीण हिम तळाशी होते आणि त्यावर नवे मऊ हिम नुकतेच पडले होते. पाय नव्या हिमातून आत जाई, जुन्यावर टेके आणि निसटे. त्यानंतर दोनएक शतकांनी स्ट्रेबो या भूगोलकाराने आल्प्सचे वर्णन करताना हिमाचे प्रचंड पापुद्रे उतारावरून सुटतात व आख्खा तांडा गिळतात, असे नमूद केले. कारणही दिले: हिमाचे थर एकावर एक बसलेले असतात आणि वरचा थर खालच्यापासून सहज सुटतो. दोन हजार वर्षांपूर्वी, हाती कोणतेही उपकरण नसताना केलेले हे निदान आजही दुरुस्त करावे लागत नाही. आश्चर्य याचेच वाटते की त्यानंतर कितीतरी शतके हिमस्खलन म्हणजे दैवी कोप, डोंगरातल्या चेटकिणींचा खेळ, किंवा मोठ्याने मारलेल्या हाकेचा परिणाम, असेच लोक मानीत राहिले. हाकेने कडा कोसळतो हा समज तर अद्यापही चित्रपटांतून जिवंत आहे. वस्तुतः माणसाच्या आवाजात तेवढे बळ नसते. बळ असते ते माणसाच्या वजनात.

हे थर घडतात कसे? प्रत्येक हिमवृष्टी आपला एक थर टाकून जाते. वारा वाहत असेल तर वाऱ्याकडील बाजूचे हिम उचलून आडोशाच्या उतारावर टाकतो. या प्रवासात कण फुटून बारीक होतात आणि घट्ट बसतात. अशा रीतीने लादी तयार होते. आकाशातून एक कणही न पडता, निरभ्र दिवशी केवळ वाऱ्याने एखादा उतार धोकादायक होऊ शकतो, ही गोष्ट मैदानातून गेलेल्या माणसाच्या ध्यानात सहसा येत नाही.

लादीखालचा कच्चा थर याहून चमत्कारिक रीतीने तयार होतो. हिवाळ्याच्या आरंभी हिम थोडेच पडले, हात-दीड हात, आणि मग आठवडेच्या आठवडे आकाश स्वच्छ राहिले, असे समजा. जमीन शून्य अंशाच्या आसपास ऊबदार असते. वरची हवा उणे पंधरा, उणे वीस. एवढ्याशा जाडीत एवढा मोठा फरक. तेव्हा तळाकडचे बाष्प वर सरकू लागते आणि वाटेत नवे स्फटिक घडवीत जाते. हे स्फटिक टपोरे, कंगोरेदार, खडीसाखरेसारखे असतात आणि एकमेकांना धरून ठेवीत नाहीत. मुठीत घेतले तर साखरेप्रमाणे बोटांतून गळतात. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र काहीच दिसत नाही. पुढे माघात मोठी हिमवृष्टी होते आणि या साखरेवर दोन-तीन हात जाडीची लादी बसते. मग एखादा वाटसरू उताराच्या मध्यावर येतो, त्याच्या पायाखाली धप्प असा दबका आवाज होतो, एक तडा विजेसारखा आडवा धावतो आणि सबंध उतार हलतो. कच्चा थर डिसेंबरातला असतो, भार फेब्रुवारीतला.

म्हणूनच कमी हिमाचा हिवाळा निर्धोक असतो ही समजूत घातक आहे. पातळ थर आणि कडक थंडी यांतूनच तळाची साखर तयार होते. उलट भरपूर हिम पडले आणि हवा फार थंड नसली तर कण गोलसर होतात, एकमेकांना सांधले जातात आणि थर कालांतराने पक्के होतात. हिमात हे सांधण्याचे काम बरेचसे बाष्पाच्या द्वारे चालते. गोल बाजारातल्या लाद्यांचे चिकटणे आणि हे सांधणे अगदी एकच नव्हे, पण दोघांचे गोत्र एक.

सह्याद्रीत दरडी पाहिलेल्या श्रोत्यांना ही कथा काहीशी ओळखीची वाटेल. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. तेथेही मातीचा वरचा थर पावसाने जड झाला होता आणि खालच्यावरची त्याची पकड सुटली होती. उताराचे गणितही लक्षात ठेवण्याजोगे आहे. हिमाच्या लाद्या सुटतात त्या बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर. याहून सौम्य उतारावर त्या टिकून राहतात, याहून फार उभ्या कड्यावर हिम मुळात साचतच नाही. दुर्दैवाने चढणाऱ्याला आणि घसरणाऱ्याला सर्वांत मोहक वाटणारा उतार नेमका याच दरम्यानचा असतो.

हिमाच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांनी हे ज्ञान आपल्या परीने जपले. स्वित्झर्लंडमधील आंडरमाट या गावाच्या डोक्यावर झाडांचा एक पट्टा आहे. १३९७ साली खोऱ्यातील लोकांनी लेख करून ठरविले की या झाडांना कोणी हात लावू नये. ती झाडे हिमाला उतारावर अडवून धरतात, हे त्यांना अनुभवाने कळले होते. आपल्याकडील देवरायांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. फरक इतकाच की तेथे देवाच्या जागी गावाची भीती होती. पुढे १८८१ मध्ये योहान कोआत्स या स्विस वनाधिकाऱ्याने आल्प्समधील हिमस्खलनांवर ग्रंथ लिहिला. कोणत्या घळीतून किती वेळा हिम उतरते याच्या नोंदी ठेवण्याची परंपरा त्याच्यापासून दृढ झाली.

आपल्या परंपरेने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. केदारनाथाची कवाडे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात आणि भाऊबीजेला मिटतात. मग देवाची पालखी उखीमठास उतरते आणि सहा महिने वर सहसा कोणी राहत नसे. अहिल्याबाई होळकरांनी हिमालयातील तीर्थांच्या वाटेवर धर्मशाळा बांधल्या त्या उन्हाळ्यातील यात्रेकरूंसाठी. मराठ्यांची घोडी १७५८ च्या वसंतात अटकेपर्यंत गेली, परंतु हिमाच्या उतारावर हिवाळा काढण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही. थोडक्यात, मैदानी माणसाचे हिमाविषयीचे सारे शास्त्र एका वाक्यात मावत होते: हिवाळ्यात तेथे जाऊ नये. हे शास्त्र उत्तम होते. विसाव्या शतकाने ते मोडले.

युरोपात ते पहिल्या महायुद्धात मोडले. ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या फौजा आल्प्सच्या शिखरांवर समोरासमोर ठाकल्या होत्या. मार्मोलादा पर्वताखाली ऑस्ट्रियन सैनिकांच्या लाकडी बराकी होत्या. शत्रूच्या तोफांपासून त्यांना डोंगराचा पक्का आडोसा होता, मात्र डोंगरापासून आडोसा नव्हता. तेथील अधिकारी कॅप्टन श्मिड याने जागा बदलावी अशी लेखी विनंती केली. ती नामंजूर झाली. १३ डिसेंबर १९१६ रोजी पहाटे, अतोनात हिमवृष्टीनंतर हवेत ऊब आली आणि वरचे हिम बराकींवर आले. सुमारे दोनशे सत्तर माणसे मेली. त्या डिसेंबरात या आघाडीवर दोन्ही बाजूंचे हजारो सैनिक हिमाखाली गेले.

या अनुभवानंतर हिमाचा अभ्यास वनाधिकाऱ्यांच्या हातून प्रयोगशाळेत गेला. १९३० नंतरच्या दशकात दावोस गावाच्या वर, २६०० मीटरांहून अधिक उंचीवर, स्विस संशोधकांनी ठाणे मांडले. त्यांच्यात आंरी बाडर हा स्फटिकांचा जाणकार होता आणि रोबेर्ट हेफेली हा मातीच्या भाराचा अभ्यास केलेला अभियंता होता. ही जोडी फार मोलाची ठरली. एकाने कण भिंगाखाली धरला आणि दुसऱ्याने थर किती भार सोसतो ते मोजले. १९३९ मध्ये त्यांचा व सहकाऱ्यांचा ग्रंथ निघाला आणि उतारावर पडलेले हिम रोज रूप पालटीत असते, हे निश्चित झाले. तथापि ज्ञान आणि संरक्षण यांच्यात अंतर राहतेच. १९५०-५१ च्या भीषण हिवाळ्यात एकट्या स्वित्झर्लंडमध्ये शंभराच्या आसपास माणसे हिमाखाली सापडून मेली. घळीच्या तोंडाशी नवी घरे बांधली गेली होती. जुन्या लोकांनी ती जागा उगाच मोकळी सोडली नव्हती.

हिमालयात हिवाळ्यात जाऊ नये हा नियम स्वातंत्र्यानंतर मोडावा लागला. १९४८ मध्ये झोजी खिंडीत रणगाडे चढविले गेले, १९६२ मध्ये उत्तर सीमेवर युद्ध झाले, आणि त्यानंतर बारा महिने उंचावर राहणे सैन्याला क्रमप्राप्त झाले. रस्ते आले, रस्त्यांमागून ठाणी आली. १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलन यांच्या अभ्यासासाठी संरक्षण संशोधन खात्याची संस्था निघाली. पुढे तिचे मुख्य कार्यालय चंडीगडला गेले आणि २०२० मध्ये ती नव्या नावाच्या एका मोठ्या संस्थेत विलीन झाली. तिच्या संशोधकांनी दाखवून दिले की हिमालयातील हिम सर्वत्र एकसारखे नाही. पीर पंजालमध्ये ते भरपूर, ओलसर व जड असते. काराकोरममध्ये हवा कोरडी, थंडी भयंकर आणि थर तुलनेने पातळ. तेव्हा तळाची साखर तेथे सहज तयार होते. आल्प्समध्ये शिकलेला धडा जसाच्या तसा येथे गिरविता येत नाही.

१९८४ च्या एप्रिलपासून भारतीय सैन्य सियाचीनवर आहे. तेथे शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानाने आणि हिमाने अधिक जीव घेतले आहेत. हिमाला सीमारेषा ठाऊक नसते. ७ एप्रिल २०१२ रोजी पलीकडच्या बाजूला, ग्यारी येथे, पाकिस्तानी ठाण्यावर कडा कोसळला आणि १४० माणसे गाडली गेली. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी अलीकडच्या बाजूला, सुमारे साडेएकोणीस हजार फुटांवरील सोनम ठाण्यावर बर्फाची भिंत आली. मद्रास रेजिमेंटचे दहा जवान तीखाली सापडले. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि साऱ्या देशाने श्वास रोखून धरला. ११ फेब्रुवारीस दिल्लीत त्यांचे प्राण गेले. त्या दहांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. साताऱ्याचा पूर्व भाग म्हणजे माण-खटावचा अवर्षणी मुलूख. तेथे पोर वयात येते ते आभाळाकडे पाण्यासाठी पाहतच. पुढल्या वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, काश्मीरच्या गुरेझ भागात हिमाने सैनिकांचा असाच घास घेतला. त्यांत अकोला जिल्ह्यातील जवान होते. अकोल्याचा उन्हाळा रायपूरच्या उन्हाळ्याला हार जात नाही.

सोनमची दुर्घटना हिमनदीच्या कठीण बर्फाचा कडा ढासळल्याने झाली. गुरेझसारख्या उतारांवर संकट येते ते साचलेल्या हिमातून. पहिल्याची वेळ सांगणे आजही जवळजवळ अशक्य आहे. दुसऱ्याविषयी मात्र बरेच काही आधी कळू शकते. दोन्हींना वृत्तपत्रे एकच नाव देतात आणि मग सगळेच दैवाधीन होते असे वाटू लागते. तसे नाही.

सैनिक आज्ञेने जातो, गिर्यारोहक आपखुशीने. पण हिम दोघांत भेद करीत नाही. एव्हरेस्टवरील पहिले ज्ञात मृत्यू हिमस्खलनाचेच होते. ७ जून १९२२ रोजी नव्या हिमाने भरलेला उतार मॅलरीच्या तुकडीखाली सुटला आणि सात भारवाहक गेले; साहेब लोक वाचले. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का दांडा या शिखरावर प्रशिक्षणार्थींची तुकडी अशाच एका लादीसह घसरली आणि पंचवीसहून अधिक जण दगावले. पावसाळ्याच्या अखेरीस पडलेले ताजे हिम, उभा उतार आणि त्यावर एकामागून एक चालणारी बरीच माणसे. गिर्यारोहकांच्या आणि घसरगुंडीच्या खेळात रमणाऱ्यांच्या अपघातांची छाननी परदेशांत झाली तेव्हा असे आढळले की दहांपैकी सुमारे नऊ प्रसंगी ती लादी सापडलेल्याने किंवा त्याच्या सोबत्यानेच सोडविलेली असते. डोंगर त्याच्यावर चाल करून येत नाही. तोच त्या लादीवर पाऊल टाकतो.

गाडला गेलेला माणूस वाचतो तो बहुतांशी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. त्यानंतर आशा झपाट्याने मावळते, कारण तोंडाभोवतीची हवा संपते आणि श्वासाच्या वाफेने चेहऱ्याभोवती गोठलेले कवच तयार होते. म्हणून दूरच्या तळावरून येणाऱ्या मदतीपेक्षा शेजारच्या सोबत्याच्या पाठीवरील फावडे, लांब सळई आणि गळ्यातील संदेशयंत्र यांवरच सारी भिस्त असते. उतार ओलांडताना एकेकट्याने, अंतर ठेवून जावयाचे ते एवढ्याचसाठी: एक सापडला तर खणायला दुसरे मोकळे हवेत.

आणि त्याआधी एक खड्डा. हिमाचे शास्त्र शिकणारा जवान किंवा गिर्यारोहक सुरक्षित जागी, धोक्याच्या उताराशी मिळत्याजुळत्या उतारावर, जमिनीपर्यंत चर खणतो आणि चराची भिंत फावड्याने साफ तासतो. पुस्तकाच्या कडेवर पाने दिसावीत तसे थर दिसू लागतात. मग तो वरून खाली हात दाबीत येतो. कालच्या हिमात सबंध मूठ शिरते. खालच्यात चार बोटे शिरतात, त्याखालच्यात एकच बोट. पुढच्या थरात बोट शिरत नाही, पेन्सिल खुपसावी लागते, हीच लादी. तो आणखी खाली वाकतो, जमिनीपासून वीतभर उंचीवर हात नेतो, आणि तेथे मूठ पुन्हा सहज आत जाते. बाहेर काढलेल्या पंजात खडीसाखरेसारखे कण चमकत असतात. तो ते भिंगाखाली धरतो, वहीत थराची जाडी लिहितो, आणि तुकडीला दुसऱ्या वाटेने जावयास सांगतो.